टाकीला पुरेल एवढा उजेड

वेळच्चेरी, चेन्नई
१२ एप्रिल २००७

चि. रम्या हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे आहोत. बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहिते. पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो म्हणे. इकडे घाम वाळतच नाही, सकाळी धुतलेली साडी संध्याकाळी तशीच ओलसर हाताला लागते. तुझ्या बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. माझं मराठी तंजावरचं, तुझ्यासारखं पुण्याचं नाही, चुकलं तिथे सुधारून वाच.

पत्राचं कारण तुमची हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी आहे.

त्यातली मंडळी बरी दिसत नाहीत. मला त्यांची खरी नावं येत नाहीत, मी ठेवलेली नावं लिहिते, तू ओळखशील. खडकावरची हिरवी बटणं दिवसाही मिटलेली असतात. छत्रीसारखं जे मोठं पोवळं आहे, त्याचा रंग वर चहा सांडल्यासारखा झालाय आणि त्याची मान लांब होऊन वर वर चाललीय. आणि ते बोटाबोटांचं फूल, ज्यात दोन केशरी मासे झोपतात, ते आपली जागा सोडून काचेवर चढून बसलंय. अगदी वर, दिव्याखाली. मासे बिचारे खाली-वर करतात.

अप्पा रोज बघतात. बोलत काहीच नाहीत. ते कसे झालेत ते डिसेंबरात तू आली होतीस तेव्हा पाहिलंसच. सकाळी उठून टाकीतलं जेवढं पाणी आटलंय तेवढं गोडं पाणी भरतात, माशांना चिमूटभर खाणं टाकतात, मग खुर्ची ओढून समोर बसतात. हातात 'हिंदू' पेपर असतो. पान उलटल्याचा आवाज येत नाही.

शेवटी मीच बस धरून कोळत्तूरला गेले, राजगोपालच्या दुकानात. रघु तिथूनच सगळं आणायचा ना. त्याने मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर म्हणाला, "अय्यो अम्मा, तुम्ही सरांच्या आई! सर पुष्कळ दिवस आलेच नाहीत?"

मी म्हटलं, "नाही आले."

मग त्याने विचारलं, "वरच्या ट्यूब कधी बदलल्या?"

"कशाला बदलायच्या? चारही पेटतात."

तो हसला. म्हणाला, "पेटतात त्या आपल्यासाठी अम्मा. पोवळ्यांना जो उजेड लागतो तो वर्षभरात ट्यूबमधून उतरतो. आपल्याला कळत नाही, त्यांना कळतं. सर दरवर्षी बदलायचे." मग त्याने मला समजावलं की या प्राण्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावरच हे जगतात. आपण वरून काही टाकलं तरी ते चटणीसारखं, खरं जेवण उजेडाचंच. मी इतकी वर्षं शाळेत गणित शिकवलं, शेजारच्या वर्गात सायन्स चालायचं, पण प्राण्याच्या पोटात झाड राहतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे रघुने लावलेल्या नळ्या आता दोन वर्षांच्या होत आल्या. हॉल उजळ दिसतो आणि आत सगळे उपाशी आहेत.

राजगोपाल म्हणतो तसल्याच नळ्या परत लावू नका, मेटल हॅलाइडचा दिवा घ्या. टी. नगरला दागिन्यांच्या दुकानात छताला असतात ना, डोळे दिपवणारे, त्याच जातीचा, पण निळसर पांढरा. मी घरी येऊन अप्पांना विचारलं. एन्नोरच्या वीज केंद्रात आयुष्य काढलेला माणूस. म्हणाले, "बघ तुझं तू."

म्हणून तुला विचारते. रघु पुढे काय लावणार होता? त्याच्या मनात काही असेल तर तुलाच ठाऊक.

तुझ्या आईचा फोन आला होता. सविस्तर बोलल्या. त्यांना सांग, माझ्या लक्षात आहे.

बाकी ठीक.

तुझी,
अम्मा


वेळच्चेरी
६ मे २००७

चि. रम्या हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. त्याआधीच दिवा लावून झाला होता. पंधरा दिवस वाट पाहिली, मग छत्रीच्या मानेला सुरकुत्या दिसायला लागल्या आणि माझा धीर सुटला. राजगोपालने माणूस पाठवला, त्याने काचेच्या वर हातभर उंचीवर दिवा टांगला, चोकचा जड डबा खाली कपाटात ठेवला आणि गेला.

पहिल्या दिवसाचं सांगते. बटण दाबलं की लगेच लागत नाही तो, आधी जांभळा होतो, मग हळूहळू पांढरा. पूर्ण लागल्यावर हॉल आपला वाटेना. पाणी हललं की भिंतीवर, छतावर, देव्हाऱ्याच्या दारावर उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. वरच्या मजल्यावरची कीर्तना चप्पल न काढताच आत आली बघायला. तीही शोळिंगनल्लूरच्या, रघुच्या ऑफिसाच्या बाजूच्या, कुठल्याशा कंपनीत लागलीय आता. अप्पांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "एन्नोरच्या खाडीत पुलावरून बघितलं की असं दिसायचं."

एवढंच. पण ते वाक्य त्यांनी आपणहून म्हटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ताक घुसळत बसले.

मग तुझ्या पत्रात जे लिहिलंयस तेच झालं. रघु हॅलाइड नको म्हणायचा, चेन्नईत त्या दिव्याने पाणी शिजेल म्हणायचा, तसं शिजलं. आपल्या हॉलमध्ये एसी नाही, मे महिना, त्यात हा दिवा. थर्मामीटर बत्तिसाच्या वर गेला. मी पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून टाकीत सोडते आणि टेबलफॅन पाण्यावर लावून ठेवते. फ्रीजरमध्ये दुसरं काही ठेवायला जागा नाही. तरी दुपारी पारा परत वर.

आणि नुसत्या गरमीचंही नाही. तू लिहिलंस की कितीही चांगला दिवा असला तरी एकदम लावायचा नाही, उंच टांगून थोडा थोडा वेळ द्यायचा, अंधारात राहिलेल्यांना एकदम उजेड सोसत नाही. मी पहिल्या दिवशी सकाळी लावला तो रात्रीच बंद केला. मला वाटलं, उपाशी आहेत, पोटभर घालू. बटणांच्या कडा पांढऱ्या पडल्या. छत्रीने अंगावर मेणासारखी साय धरलीय. आणि फूल काचेवरून उतरून खडकाच्या मागे, सावलीत जाऊन बसलंय. त्याच्या बोटांतला रंग गेला. काचेच्या बांगडीसारखं आरपार दिसतं.

काल तुझं पत्र मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते उठले. कपडे वाळत घालायच्या दांड्यांची छताला जी कप्पी आहे, तिच्यातली दोरी सोडली, दिवा त्या दोरीला बांधला आणि वर ओढून घेतला, पार छताजवळ. आता दोरी सैल केली की दिवा खाली येतो, ओढली की वर जातो. धुतलेले कपडे मी बाल्कनीत घालते. तिथे शेजारच्या बांधकामाची धूळ येते, पण असू दे.

तू सांगतेस त्या टी-फाइव्हच्या बारीक नळ्या राजगोपालकडे नाहीत. सिंगापूरहून मागवाव्या लागतील म्हणतो. मागव म्हटलं.

तुझ्या आईचा परत फोन आला. मी म्हटलं, एकदा दिव्याचं मार्गी लागू दे. त्या बरं म्हणाल्या. तूही तुझ्या पत्रात दिव्याबद्दलच लिहिलंस. चार पानं. अक्षर छान आहे तुझं.

तुझी,
अम्मा


वेळच्चेरी
१५ मे २००७

चि. रम्या हिस,

फूल गेलं.

काल सकाळी मी कॉफीचं डिकॉक्शन उतरवत होते, तेवढ्यात अप्पांनी हाक मारली. हाक मारली म्हणजे नुसतं "सीते" म्हणाले. फूल खडकामागून निघून परत कुठे तरी जागा शोधत गेलं असणार, आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या तोंडात ओढलं गेलं. पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढरं. मासे वरच्या कोपऱ्यात तोंड काढून. अप्पांनी कोपरापर्यंत हात आत घातला होता आणि तुकडे गोळा करत होते. पंप बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी तो बंद केला. मग मासे प्लास्टिकच्या बादलीत काढले आणि निम्मं पाणी उपसलं. मीठ कालवून नवीन पाणी तयार करेपर्यंत दुपार झाली. बाकीचे वाचतील असं दिसतं.

तुम्ही दोघांनी ते फूल आणलं होतंत लग्नानंतरच्या पहिल्या पोंगलला. मांडीवर पिशवी धरून रिक्षातून आलात, तेव्हा मी विचारलं होतं की ब्राह्मणाच्या घरात हे काय जिवंत मांस आणलंत, आणि रघु म्हणाला होता, "अम्मा, हे तुझ्यापेक्षा सोवळं आहे, उजेड खाऊन राहतं."

हे सगळं लिहिते पण मला काही वाटत नाही. वाटायला हवं असं वाटतं, तेवढंच.

संध्याकाळी अप्पांनी हात साबणाने धुतले, परत धुतले. मग म्हणाले, "रम्या परत राहायला येईल तेव्हा काय दाखवायचं तिला?"

मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. कशाबद्दल ते तुला माहीत आहे.

अम्मा


वेळच्चेरी
१७ जून २००७

चि. रम्या हिस,

अनेक आशीर्वाद. नळ्या आल्या. बोटाएवढ्या जाड, चार फूट लांब, सहा आहेत. तीन निळ्या, तीन पांढऱ्या. प्रत्येकीच्या पाठीशी तिचा स्वतःचा चकचकीत पन्हळीसारखा पत्रा, म्हणजे उजेड छताकडे फुकट न जाता सगळा खाली पाण्यात उतरतो. तू पत्रात चित्र काढलं होतंस तसंच. राजगोपाल अजूनही म्हणतो की हॅलाइडसारखा दिवा नाही. मी त्याला म्हटलं, दिवा चांगलाच आहे, माझा हॉल त्याच्या लायकीचा नाही.

नळ्यांची पेटी मात्र त्याच्याकडून घेतली नाही. अप्पा म्हणाले, मी करतो. अॅल्युमिनियमची पट्टी, सॉकेट, वायर, सगळं रिची स्ट्रीटवरून स्वतः जाऊन आणलं. मला वाटलं होतं कोपऱ्यापर्यंत जातील आणि परत येतील. ते दुपारच्या जेवणाला आले. हॉलमध्ये चटई टाकून कामाला बसले. खाऱ्या पाण्याची वाफ लागून जळू नयेत म्हणून चोक टाकीपासून लांब भिंतीवर लावले, कडेला एक लहान पंखा बसवला. मी समोर बसून स्क्रू हातात देत होते.

तेव्हाच सांगितलं. दोघांचेही हात कामात होते, एकमेकांकडे बघायला लागत नव्हतं.

"रम्याला एक स्थळ आलंय," मी म्हटलं.

ते स्क्रू पिळत होते. पिळत राहिले. मग म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"तिच्या आईने. महालक्ष्मींनी. एप्रिलमध्ये फोन आला होता."

"आता जून आहे."

"हो."

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, अम्मा हो म्हणेपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

त्यांनी पुढच्या स्क्रूसाठी हात पुढे केला. मी दिला. तो बसवून झाल्यावर विचारलं, "मुलगा काय करतो?"

"मी विचारलं नाही."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं ते मी लिहीत नाही. म्हणाले, "विचारलं नाहीस? मुलगी द्यायची म्हणजे चौकशी नको करायला? तिच्या बाबांचा गुडघा धड नाही, ते कुठे जातील चौकशी करायला?"

मला वाटलं होतं, हे सांगितल्यावर ते खचतील, किंवा मी रडेन. तसं काही झालं नाही. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद करायला गेले, परत येऊन बसले, आम्ही उरलेल्या नळ्या बसवल्या.

आता तुझ्याशी बोलते.

तुझ्या आईने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. तू म्हणतेस की पुराच्या दिवशी तू रघुला ऑफिसात फोन केला नसतास तर तो पाण्यातून आला नसता. हे तू दीड वर्ष मनात धरून बसलीस आणि मला एकदाही बोलली नाहीस. म्हणून जे मला आठवतं ते लिहिते.

त्या दिवशी आपल्या रस्त्यावर कंबरेइतकं पाणी होतं. वीज गेलेली, टाकीचा पंप बंद. तू फोन करून सांगितलंस की बॅटरीवर चालणारा पंप कुठे मिळाला तर घेऊन ये. तो कोणाच्या तरी लॉरीतून पळ्ळिकरणैपर्यंत आला, तिथून चालत. पंप पिशवीत घालून डोक्यावर धरला होता. घरात आला तेव्हा हसत होता, आठवतं? दारातच मला म्हणाला, "अम्मा, आंघोळीला गरम पाणी दे, मी सगळ्या वेळच्चेरीचं गटार अंगावर घेऊन आलोय." मी त्याच्यावर ओरडले आणि गॅसवर पाणी ठेवलं.

तुझा फोन आला नसता तर तो कुठे राहिला असता? ऑफिस बंद करून सगळ्यांना घरी जा म्हटलं होतं. त्याचं घर इथे होतं. तू इथे होतीस. तो आलाच असता, रिकाम्या हाताने आला असता, एवढाच फरक.

आणि त्याच पाण्यातून दुसऱ्या दिवशी अप्पा दुधाला गेले. मी मेणबत्त्या आणायला गेले. कीर्तनाचे आई-वडील गेले, इस्त्रीवाली गेली, सगळी वेळच्चेरी त्या पाण्यातून चालली. ताप त्याला आला. डोळे पिवळे झाले, लघवी थांबली, डॉक्टर म्हणाले उंदरांमुळे पाण्यात पसरतो तो हा ताप, उशीर झालाय. ताप आल्यावर आठवडाही लागला नाही.

याला कोणाचं नाव लावावं म्हणून मी पुष्कळ बसून बघितलं. पुराचं लावलं, टाकीचं लावलं, पंपाचं लावलं. तुझंही लावून बघितलं, खोटं कशाला लिहू. कोणाचंच लागत नाही. गणितात असं होतं, सगळ्या पायऱ्या बरोबर असतात आणि उत्तर येत नाही. तेव्हा मी मुलांना सांगायची की गणितच चुकीचं छापलंय, सोडून द्या, पुढचं घ्या. तू ते सोडून दे.

स्थळाबद्दल. माझं हो आहे. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं, पण माझं अक्षर एवढंच येतं.

आनंद झाला असं मी लिहिणार नाही. दाढ काढल्यावर गाल कसा बधिर असतो, हात लावला तर दुसऱ्या कोणाचा वाटतो, तशी मी आहे. पण हो म्हणायला आनंद लागत नाही, हे मला या दोन महिन्यांत कळलं. तू मात्र आनंदात कर. माझ्यासमोर लपवायचा नाही. फोनवर आवाज बारीक करायचा नाही. तुला एकतिसावं लागलंय, तुला मुलंबाळं व्हावीत, तू सिनेमाला जावंस, भांडावंस, जाड व्हावंस. रघुच्या गोष्टी नव्या नवऱ्याला सांगायच्या की नाही हे तुझं तू ठरव. मला विचारशील तर, थोड्या सांग.

टाकीसाठी तू यायचं नाही. फूल परत आणणार नाही, अप्पा नको म्हणाले. छत्री वाचली. तिने अंगावरची साय टाकली आणि खालची कातडी स्वच्छ निघाली. बटणं निम्मी राहिली, त्यातली काही सकाळी उघडतात. या वेळी तू लिहिलंस तसंच करतोय. मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे एकावर एक घालून नळ्यांखाली ताणलेत, आणि अप्पा आठवड्याला एक काढतात. सुरुवातीला दुपारचे थोडेच तास, आता जरा जास्त. पाणीही तापत नाही. मासे कोपऱ्यात राहतात. खातात.

अप्पांना त्यात काम आहे, ते करू देत. तू येशील तेव्हा जेवायला ये, राहायला ये, त्याला घेऊन ये. काय खातो ते आधी कळव, आमच्याकडचं आंबट त्याला चालेल की नाही कोण जाणे.

पत्र बंद करण्याआधी अप्पांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पेन मागितलं. खाली त्यांनी लिहिलंय.

तुझी,
सीतालक्ष्मी अम्मा

चि. रम्या हीस अनेक आशीर्वाद. पत्र वाचले. मजकूर मला मान्य आहे. मुलाचे संपूर्ण नाव, शिक्षण, नोकरी व राहण्याचा पत्ता कळविणे. माझे जुने सहकारी पुण्यास आहेत, चौकशी करवून घेतो. तारीख धरण्यापूर्वी आम्हांस सांगणे, पुण्याच्या गाडीचे रिझर्वेशन लवकर भरते. आम्ही दोघे येऊ. मुलीच्या बाजूने बसू.

अप्पा